काम नसताना बाहेर पडलेली बाई

(सांगली येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या एक दिवसाच्या शिबिरात केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन केले आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'स्त्रिया आणि सार्वजनिक अवकाश' असा भारदस्त विषय छापलाय. मी त्याचं साधं मराठी करून घेतलंय. काम नसताना बाहेर पडलेली बाई. आज मी एवढ्यावरच बोलणार आहे.

आधी तुम्हाला विचारते. आज इथे येताना घरी काय सांगून आलात? ... 'मीटिंग आहे.' बरोबर. 'ट्रेनिंग आहे, जेवण देणारेत.' हेही बरोबर. आता दुसरा प्रश्न. गेल्या वर्षभरात कोण कोण एकटी, काहीही काम नसताना, नुसतं बघायला म्हणून परगावी जाऊन आली? हात वर करा. ... दोन हात. ताई, तुम्ही कुठे गेला होतात? कोल्हापूरला, अंबाबाईला. नवस होता? मग ते काम झालं. तुमचा हात खाली. म्हणजे साठ-सत्तर बायकांत एक हात उरला. आणि या खोलीत तर गावोगाव फिरणाऱ्या, मोर्चे काढणाऱ्या, पोलीस स्टेशनात जाऊन बसणाऱ्या बायका आहेत.

मीही तुमच्यातलीच. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून साताऱ्यात काम करते. दहा वर्षं या दोन जिल्ह्यांतल्या गावांत गेले. पण प्रत्येक वेळी फाईल घेऊन. कधी केस होती, कधी गटाची बैठक, कधी शाळेतल्या मुलींचं सत्र. एकदा एका बाईनं मला विचारलं, "ताई, तुम्ही एवढं फिरता, लिंबची विहीर बघितली का?" मी लिंबला निदान दहादा गेले असेन. विहीर बघितली नव्हती. विहीर बघणं हे काम नव्हतं ना!

तेहतिसाव्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर पहिल्या दिवशी म्हणाले, "मिस्टरांना येतंच असेल, मग तुम्हाला कशाला?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. गाडी म्हणजे कुणीतरी कुणालातरी कुठेतरी पोचवण्याची गोष्ट, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. लायसन मिळालं, पतसंस्थेचं कर्ज काढून एक जुनी अल्टो घेतली. आणि ठरवलं, महिन्यातला एक रविवार माझा. सकाळी सातला निघायचं, दिवेलागणीला परत. बरोबर कुणी नाही. आणि जिथे जायचं तिथे काम असता कामा नये. ही गोष्ट गेली तीन वर्षं चालू आहे. त्यातल्या तीन-चार प्रवासांबद्दल सांगते, मग मला जे म्हणायचंय त्याकडे वळते.

पहिला रविवार अर्थातच लिंबचा. साताऱ्यापासून पंधरा-सोळा किलोमीटर. पुणे-बंगलोर रस्ता सोडून आत वळलं की ऊस, आणि त्या उसातच ती बारा मोटांची विहीर. वरून बघताना नुसता दगडी चौथरा वाटतो. पायऱ्या उतरून गेलं की कळतं, विहिरीच्या अंगाला दगडी महालच बांधलाय. वर बारा मोटा चालतील अशी जागा. शिलालेखात शक १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४, असा काळ दिलाय आणि बांधणाऱ्या व्यक्तीचं नाव आहे वीरूबाई भोसले. शाहू महाराजांच्या घरातल्या. या भागात आंब्याच्या बागा होत्या, त्यांच्या पाण्यासाठी ही विहीर. मी त्या महालात तासभर बसले. पहिली वीस मिनिटं काय करावं ते सुचेना. दोनदा फोन काढला, पर्समधली वही काढली, परत ठेवली. 'आता मी इथे कशासाठी बसलेय?' हे मी स्वतःलाच विचारत होते. तेव्हा लक्षात आलं, हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारायची गरजच नाही. तो आपल्या आत कायमचा राहायला आलाय.

नंतर एकदा नायगावला गेले. सावित्रीबाईंचं गाव, खंडाळा तालुक्यातलं. साताऱ्याहून निघून खंबाटकीचा बोगदा पार केला, की पुढे ते प्रसिद्ध 'एस' वळण. तिथे एवढे अपघात झालेत की पहिल्या वेळी माझे हात स्टिअरिंगला चिकटले होते. मागून ट्रक हॉर्न देतोय, मी चाळीसच्या वर जायला तयार नाही. पुढे शिरवळजवळून आत वळलं की नायगाव. तीन जानेवारीला आपण सगळ्या तिथे जातो. बसेस, बॅनर, भाषणं. एरवीच्या रविवारी तिथे शांतता असते. ते जुनं घर, चूल, जातं, लाकडी खांब निवांत बघता येतात. १८३१ साली इथे जन्मलेली मुलगी नवव्या वर्षी लग्न होऊन या घरातून गेली. आणि पुढे १८६८ साली नायगावला आलेली असताना तिनं जोतीरावांना पत्र लिहिलं. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार समाजातली मुलगी यांच्या प्रेमापायी गाव त्यांच्या जिवावर उठलं होतं, तेव्हा ती मध्ये पडली. ती हकिकत त्या पत्रात आहे. आपण सावित्रीबाईंचा शाळेकडे जाणारा रस्ता, त्यावरचं शेण आणि दगड, हे नेहमी सांगतो. पण नायगावच्या रस्त्यावर जमावाच्या समोर उभी राहिलेली बाईही तीच होती, हे मला तिथे एकटी बसले तेव्हा नीट कळलं. बॅनर धरून उभी असताना कळलं नव्हतं.

तिसरा प्रवास औंधचा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलेलं तिथलं चित्रसंग्रहालय तुमच्यातल्या काहींनी शाळेच्या सहलीत बघितलं असेल. तिथे राजा रविवर्म्याची सैरंध्री आहे. सैरंध्री म्हणजे विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी. राणी तिला कीचकाच्या महालात पाठवते, आणि काय होणार हे माहीत असून ती निघते. त्या चित्रापुढे उभं राहिल्यावर मनात आलं, बायकांना एकटीनं पाठवायला या समाजाची कधीच ना नव्हती. रात्री विहिरीवर पाठवा, पहाटे शेतात पाठवा, साहेबाच्या बंगल्यावर धुणीभांड्याला पाठवा. दर वर्षी दसऱ्यानंतर बीडकडून आपल्या या दोन जिल्ह्यांत ऊसतोडीला बायका येतात. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, संसार आणि लेकरं घेऊन. त्यांच्याइतका प्रवास आपल्यातल्या कुणी केला नसेल. तेव्हा बाईनं प्रवास करण्याला विरोध आहे, हे पूर्ण खरं नाही. कामासाठी, दुसऱ्यासाठी, पोटासाठी, देवासाठी ती कुठेही जाऊ शकते. स्वतःच्या मर्जीनं निघाली की प्रश्न सुरू होतात.

औंधहून परत येताना गाडी पंक्चर झाली. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी जॅक काढला, पाना काढला. कुठून कोण जाणे, दहा मिनिटांत पाच पुरुष जमले. मदतीला म्हणून आले होते, शंका नाही. पण प्रत्येक जण सूचना देत होता. "आधी नट ढिले करा", "जॅक तिथं नको", "बाजूला व्हा म्याडम, मी करतो." मी तिथेच शिकले असते, पण हातातून पाना काढून घ्यायचीच पाळी आली. तेवढ्यात शेरडं घेऊन एक म्हातारी आली. थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "करतीया न्हवं ती? मग करू द्या की. तुम्ही काय बगाय लागलाय?" पुरुष हसले, पांगले. मला चाक बदलायला पाऊण तास लागला. म्हातारी तोवर झाडाखाली बसून राहिली. जाताना मी म्हटलं, "आजी, थांबलात, बरं वाटलं." त्या म्हणाल्या, "माजी शेरडं बसली हुती, म्हून म्या बसले." तिनं उपकारसुद्धा माझ्या डोक्यावर ठेवला नाही.

आता एक जरा वेगळा प्रवास. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड करत मी दिघंचीवरून आटपाडीला गेले. सगळा माणदेश. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. आज ते सांगली जिल्ह्यात, पण तेव्हा औंध संस्थानात होतं. १९३९ साली संस्थाननं तिथे कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश माणसाच्या पुढाकारानं. कैद्यांनी शेती करायची, बायकामुलांसह राहायचं, भिंत नाही. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा सिनेमा या प्रयोगावरून सुचला. मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून बघत होते. खून केलेल्या माणसांवर विश्वास टाकला की हे पळणार नाहीत, आणि विश्वास टाकल्यावर माणसं बदलतात, असा तो विचार. मला तो विचार पटतो. पण तिथून परत येताना मी सारखं घड्याळ बघत होते. दिवेलागणीच्या आत पोचायला हवं होतं. तेव्हा हसू आलं. आपलंही घर बिनभिंतीचंच की! कुणी कडी लावत नाही. फक्त संध्याकाळी हजेरी असते. फरक एवढा, की त्या कैद्यांना आपण कैदी आहोत हे माहीत होतं.

इथवर सगळं ऐकायला छान वाटतं. पण आज मी उभी राहिले ती पुढची गोष्ट सांगायला. ही मी आजवर व्यासपीठावरून सांगितलेली नाही.

दिवाळीनंतरचे दिवस होते. दोन तालुक्यांच्या मधला आडरस्ता, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. मागून एक मोटरसायकल आली, दोघे होते. पुढे गेले, हळू झाले. मी ओलांडून पुढे गेले, ते परत पुढे आले. आडवे उभे राहिले, हसले, मी हॉर्न दिला तेव्हा बाजूला झाले आणि पुन्हा मागे लागले. सहा-सात किलोमीटर. फोनला रेंज नाही. काचा वर, दारं बंद, तोंडाला कोरड. एका वळणावर गुऱ्हाळ दिसलं. मी थेट आत गाडी घातली. चुलाणावर कढई होती, पाचसहा माणसं होती, दोन बायका चिपाडं पसरत होत्या. मोटरसायकल थोडा वेळ रस्त्यावर थांबली आणि निघून गेली. एका म्हाताऱ्यानं काही न विचारता पेलाभर रस आणून दिला. माझा हात इतका हलत होता की तो साडीवर सांडला.

घरी आले. "कसा झाला दिवस?" "छान." साडी धुवायला टाकली. आणि चार महिने गप्प बसले.

का? नवरा ओरडेल म्हणून नाही. तो ओरडणारा नाही. मी गप्प बसले, कारण मला पुढचं वाक्य माहीत होतं. 'म्हणूनच म्हणत होतो.' सांगितलं तर माझा रविवार जाईल, एवढंच माझ्या मनात होतं.

मग फेब्रुवारीत एका हायस्कूलमध्ये मुलींचं सत्र घेत होते. ठरलेलं वाक्य बोलले, 'कुणी त्रास दिला तर घरी सांगा, गप्प बसू नका.' मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "ताई, सांगितलं तर शाळा बंद करत्यात. त्यापरीस सोसलेलं बरं." सगळ्या मुलींनी माना डोलावल्या. या वाक्यावर माझ्याजवळ दहा वर्षांचं तयार उत्तर होतं. हेल्पलाईनचा नंबर होता, कायद्याचं कलम होतं. त्या दिवशी एकही तोंडातून निघेना. कारण मी, पस्तिशीची, एम.एस.डब्ल्यू. झालेली, तिच्यासारखंच वागले होते.

मैत्रिणींनो, आपण म्हणतो बायका बोलत नाहीत, लाजतात, घाबरतात. मला वाटतं बायका हिशेब करतात. त्रास दिला दुसऱ्यानं, आणि शिक्षा म्हणून घरात बसवायचं बाईला, अशी जिथे रीत आहे तिथे न बोलणं हा चक्क शहाणपणाचा हिशेब आहे. तो हिशेब बदलल्याशिवाय 'बोला, बोला' असं सांगण्यात अर्थ नाही.

त्या रात्री मी घरी सांगितलं. नवरा गप्प झाला. अपेक्षेप्रमाणे "म्हणूनच म्हणत होतो" म्हणाला. भांडण झालं नाही. पण पुढच्या महिन्यात रविवारी सकाळी बघते तर गाडीची किल्ली खिळ्यावर नाही. कुणी 'जाऊ नको' म्हटलेलं नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाला, "सर्व्हिसिंगला टाकावी म्हणत होतो." किल्ली त्याच्या खिशात होती. मी म्हटलं, "सर्व्हिसिंग सोमवारी कर. किल्ली खिळ्यावर ठेव." तो म्हणाला, "मला काळजी वाटते, त्याचं काय?" मी म्हटलं, "काळजी वाटू दे. मलाही तुझी वाटते, तू रात्री दोनला पुण्याहून येतोस तेव्हा. म्हणून मी तुझी किल्ली लपवली का?" सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "उन्हाच्या आत जा म्हणावं." त्यांनी माझी बाजू घेतली की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. किल्ली खिळ्यावर आली. त्या दिवशी मी फार लांब गेले नाही. संगम माहुलीला गेले, कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथे. साताऱ्यापासून जवळच. ताराबाईंची समाधी तिथे नदीकाठी आहे. औरंगजेबाशी लढलेली बाई. तिथे बसून मी जरा रडले, हेही सांगून टाकते.

त्यानंतर आमच्या घरात एक पद्धत पडली. निघताना मी स्वयंपाकघरातल्या पाटीवर लिहून जाते: कुठून, कुठे, परत कधी. रस्त्यात काही घडलं तर घरी येऊन तेही सांगते. आता पुन्हा लक्ष द्या, मला जे म्हणायचंय ते हेच आहे. सांगून जाणं वेगळं आणि विचारून जाणं वेगळं. पाटीवर मी माहिती लिहिते, अर्ज लिहीत नाही. आपल्या घरांत हे दोन्ही इतकं एकात एक कालवलं गेलंय की बाई 'मी जातेय' म्हणाली तरी घर ते 'जाऊ का?' असं ऐकतं. आणि खरं सांगायचं तर आपणही ते तसंच म्हणतो, शेवटी आवाज जरासा वर नेऊन. आणि म्हणूनच सुरक्षिततेची माहितीसुद्धा आपण देत नाही. तिची परवानगी होऊन बसते याची भीती असते.

ही काही आपल्याच गावची गोष्ट नाही. १८८८ साली जर्मनीत बेर्था बेंझ या बाईनं जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास केला, सुमारे शंभर किलोमीटरचा. मोटार नवऱ्यानं बनवलेली, आणि त्याला न विचारता ती दोन मुलांना घेऊन पहाटे निघाली. कुठे? माहेरी! वाटेत औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेनं साफ केली. म्हणजे पहिल्या मोटारप्रवासालाही बाईला माहेरचं निमित्त लागलं. १९०८ साली इडिथ व्हॉर्टन या अमेरिकन लेखिकेचं फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतल्या मोटारप्रवासाचं पुस्तक आलं. रेल्वेच्या वेळापत्रकातून सुटल्याचा आनंद त्यात आहे. पण तिच्याबरोबर नवरा होता आणि गाडी चालवायला ड्रायव्हर. आणि सौदी अरेबियात सहा नोव्हेंबर १९९० ला ४७ बायकांनी रियाधच्या रस्त्यावर गाड्या चालवल्या, तर त्यांना पकडलं, काहींच्या नोकऱ्या गेल्या. तिथली बंदी उठायला जून २०१८ उजाडला. आपल्याकडे तसा कायदा नाही. आपल्याकडे खिळा आहे.

आता तुमच्या मनातली शंका. 'ताई, तुमच्याकडे गाडी आहे. आमचं काय?' बरोबर आहे. दीडशे किलोमीटरला सात-आठ लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे आठशे रुपयांच्या आसपास. एका रोजगारी बाईची दोन-तीन दिवसांची मजुरी मी रविवारी जाळते. दुसरी गोष्ट, जी मला उशिरा कळली. अनोळखी गावात थांबलं की लोक पाणी देतात, चहा देतात. पण त्याआधी विचारतात, "कुठल्या तुम्ही? आडनाव काय?" माझं आडनाव ऐकलं की चटई अंथरली जाते. आमच्या संस्थेतल्या एका दलित सहकारणीला मी ही गंमत सांगितली तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "मला पाण्याची बाटली घरूनच न्यावी लागेल." बुरखा घालणाऱ्या मैत्रिणीचं तर सोडाच. तेव्हा एकटीनं फिरायचा हक्क सगळ्या बायकांना सारखा नाही, हे मान्य करूनच पुढे जाऊ या.

पण गाडी म्हणजे चार चाकंच असं नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं. आमच्या खटाव तालुक्यातल्या गटात एक बाई आहेत, मी त्यांना आक्का म्हणते. वय पन्नाशीच्या पुढे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवऱ्यानं टाकलं, तेव्हापासून भावाच्या दारात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इथे सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकर आणि इतर साथिणींनी परित्यक्तांची चळवळ उभी केली. टाकलेल्या बाईला स्वतःच्या नावचं रेशनकार्ड हवं, घराला जागा हवी, या मागण्या तेव्हाच्या. आक्कांना रेशनकार्ड मिळालं ते त्या लढ्यामुळेच. डोक्यावर छप्पर हा पहिला हक्क, त्यात वाद नाही. पण छपराखालून बाहेर पडायचा हक्क कुठल्या कार्डावर असतो?

माझ्या रविवारच्या गोष्टी ऐकून आक्का म्हणाल्या, "मलाबी न्या की एकदा." मी हो म्हणणारच होते. मग त्या स्वतःच म्हणाल्या, "न्हाई, नगं. तुमच्यासंगं आले तर मग तुमच्यासंगं आले असं हुईल." पुढच्या आठवड्यात त्या एकट्या एसटीनं कराडला गेल्या. प्रीतिसंगमावर, कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात ते बघायला. घाटावर दोन तास बसल्या. भेळ खाल्ली. परतीची एसटी चुकली, पुढची मिळाली, अंधार पडता पडता घरी पोचल्या. भावानं विचारलं, "कुणाकडं गेलतीस?" आक्का म्हणाल्या, "कुणाकडंबी न्हाई." "काय काम हुतं?" "काय न्हवतं." भावानं तीन दिवस विचारलं. वहिनीला विचारायला लावलं. त्याला खात्री होती, काहीतरी लपवतेय. कोर्टाची तारीख असेल, नवऱ्याकडचं कुणी भेटलं असेल. आक्का मला सांगत होत्या, "ताई, मी खरं सांगत हुते, आन त्येला खरं वाटंना."

आपल्याला काय करता येईल, ते थोडक्यात सांगते आणि थांबते.

एक. आपले बचत गट शेळीला, शिलाई मशीनला, लग्नाला कर्ज देतात. वर्षातून एका बाईला ड्रायव्हिंग शिकायला द्या. अलीकडे एसटीतही बायका चालक म्हणून आल्यात, पोटाला उपयोगी पडेलच. पण पोटाला उपयोगी पडलं नाही तरी द्या.

दोन. पेट्रोल पंपावरचं बायकांचं स्वच्छतागृह कुलूपबंद असतं आणि किल्ली सापडत नाही. मुंबईत 'राईट टू पी' म्हणून २०११ पासून बायका या प्रश्नावर लढल्या. आपण आपल्या रस्त्यावरचे पंप वाटून घेऊ, जाऊन किल्ली मागू, नोंद ठेवू, मग तहसीलदारांकडे जाऊ. आणि ढाब्यावर एकटी बाई गेली की तिला 'फॅमिली' लिहिलेल्या पडद्यामागे ढकलतात. बाहेरच्या बाकड्यावर बसा. मी बसते. पहिल्यांदा सगळे बघतात, दुसऱ्यांदा चहा आणून देतात.

तीन. मुलींच्या सत्रात 'घरी सांगा' एवढंच सांगू नका. आईबापांचं वेगळं सत्र घ्या आणि त्यांना एकच शपथ घालायला सांगा: 'तिनं सांगितलं तर तिचं बाहेर जाणं आम्ही बंद करणार नाही.'

आणि चौथं, प्रत्येकीनं स्वतःपुरतं. येत्या महिन्यात एक दिवस काढा. लांब नको, चार गावं ओलांडून जा. इथे सांगलीत असाल तर हरिपूर आहे, कृष्णा-वारणेचा संगम, चालत जाण्यासारखा. नवस बोलू नका, बाजाराची पिशवी घेऊ नका, कुणा नातेवाइकाकडे डोकावू नका. घरी सांगून जा. विचारून जाऊ नका. परत आल्यावर 'काय काम होतं?' असं विचारतील. तेव्हा आक्कांनी चौथ्या दिवशी भावाला जे उत्तर दिलं तेच द्या.

"गेलते, बसले, आले."